रिव्हॉल्व्हरची फ्रेम

रिव्हॉल्व्हरची नळी, गोळ्या ठेवायचा फिरता सिलिंडर, चाप आणि घोडा ज्या धातूच्या सांगाड्यात बसवतात, ती फ्रेम. शस्त्र किती जोराचे काडतूस सोसेल आणि खिशात मावेल की कमरेलाच लावावे लागेल, हे बरेचसे फ्रेमवर ठरते.

बेळगाव, निपाणी, खानापूर या सीमाभागात रिव्हॉल्व्हर तशी थोड्याच घरांत. जंगलालगतच्या शेतकऱ्याला बाराबोर बंदूकच जवळची. खंडेनवमीला झेंडूच्या फुलांत मांडलेले रिव्हॉल्व्हर पाहताना नजर आधी नळीवर जाते आणि तिथेच फसते. एकाच फ्रेमवर दोन इंची नळी येते, सहा इंचीही येते. पाहावा तो सिलिंडर.

फ्रेमच्या आकारांना अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कंपनीने दिलेली अक्षरे सर्वांत रूढ आहेत. ‘जे’ (१९५०) लहान, .३८ स्पेशल काडतुसाच्या बहुधा पाच गोळ्यांची. सिलिंडरचा व्यास सुमारे ३३ मिमी. ‘के’ मध्यम, सहा गोळ्यांची, सुमारे ३७ मिमी. ‘एन’ मोठी, सुमारे ४३ मिमी. ‘एक्स’ २००३ मध्ये .५०० मॅग्नम या जोरदार काडतुसासाठी आली.

‘एल’ची कथा मुळातून समजून घेण्यासारखी आहे. ‘के’ फ्रेममध्ये सिलिंडरचा दांडा बसावा म्हणून नळीचे मागचे तोंड खालच्या बाजूने थोडे तासलेले असते. .३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाच्या हलक्या, वेगवान गोळ्या सतत झाडल्या की नेमके तिथे तडे जात. म्हणून १९८० च्या सुमारास थोडी मोठी ‘एल’ काढली; सिलिंडर सुमारे ४० मिमी. मुठीचा सांगाडा मात्र ‘के’चाच ठेवला, त्यामुळे नुसत्या मुठीवरून या दोन्ही ओळखू येत नाहीत.

ओळखताना आधी सिलिंडरमधली गोळ्यांची सर्व घरे रिकामी असल्याची डोळ्यांनी खात्री करावी, मग कॅलिपरने (व्यास मोजायच्या चिमट्याने) सिलिंडर मोजावा. १९५७ नंतरच्या स्मिथ अँड वेसनमध्ये सिलिंडर बाहेर काढल्यावर फ्रेमच्या आतल्या खाचेत मॉडेल क्रमांक ठोकलेला दिसतो. तोच सर्वांत भरवशाचा पुरावा. गोळ्यांच्या संख्येवर विसंबू नये: कोल्ट कंपनीचे डिटेक्टिव्ह स्पेशल ‘के’हून लहान असूनही सहा गोळ्यांचे आहे.

कानपूरच्या आयुध कारखान्यातले .३२ रिव्हॉल्व्हर किंवा २०१४ चे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे ‘निर्भीक’ यांना ही अक्षरे लागू नाहीत. ती वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या धाटणीची, वरून उघडून पुढे मुडपणारी शस्त्रे आहेत. त्यांचे होल्स्टर (शस्त्राचे म्यान) त्या-त्या मॉडेलच्या नावानेच मागावे.