जनुकसंस्कारित कोंबडी (भ्रूणविज्ञान)

भ्रूणाची जडणघडण अभ्यासण्यासाठी जिच्या जनुकसंचात बाहेरचे जनुक घातले आहे अशी कोंबडी. ही ताटात यायची नाही. तिची अंडी प्रयोगशाळेत जातात. स्कॉटलंडमधील रॉझलिन संस्थेने (डॉली मेंढी तिथलीच) या क्षेत्रात मोठे काम केले आहे.

अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून आतली वाढ पाहता येते. पण कोणती पेशी पुढे कुठे गेली हे कळायला तिच्यावर न पुसणारी खूण लागते. फ्रेंच भ्रूणवैज्ञानिक नीकोल ल द्वारँ यांनी १९६९ च्या सुमारास लावा पक्ष्याच्या पेशी कोंबडीच्या भ्रूणात बसवून हे साधले. मात्र भ्रूणाचे काप काढून रंगवल्यावरच त्या ओळखू येत. जेलीफिशचे हिरवे चमकणारे प्रथिन बनवणाऱ्या कोंबड्या आल्या आणि जिवंत भ्रूणात, एकाच जातीत कलम करणे शक्य झाले.

अशी कोंबडी तयार करणे किचकट आहे. उंदराच्या फलित अंडपेशीत थेट जनुक टोचतात. कोंबडीने घातलेल्या अंड्यात तोवर हजारो पेशी झालेल्या असतात. रॉझलिनमध्ये २००४ साली लेंटिव्हायरस (आपले जनुक पेशीच्या जनुकसंचात घुसवणारा विषाणू) वापरून जनुक आत पोचवले. २००६ साली अमेरिकी संशोधकांनी अधिक नेमकी वाट दाखवली. पक्ष्यांत बीजांड व शुक्राणू यांच्या मूळ पेशी रक्तातून प्रवास करतात. म्हणून सुमारे अडीच दिवस उबवलेल्या भ्रूणाचे जेमतेम थेंबभर रक्त बारीक काचनळीने ओढून घेतात, त्यातल्या या पेशी वाढवतात, बदलतात आणि दुसऱ्या भ्रूणाच्या रक्तात सोडतात. पुढची वाट त्या आपणच शोधतात.

या कोंबड्यांनी एक जुना वादही पुढे नेला. पंखातली तीन बोटे मूळ पाचांपैकी कोणती? जीवाश्मांनुसार १, २, ३. भ्रूणांनुसार २, ३, ४. अंगांकुराच्या (ज्यातून पंख वा पाय फुटतो त्या कोंभाच्या) मागच्या कडेवरची हिरवी चमकणारी ऊती साध्या भ्रूणात लावून २०११ मध्ये पाहिले, तर पायाचे चौथे बोट त्या ऊतीतून निघाले, पंखाचे शेवटचे बोट निघाले नाही. म्हणजे ते चौथे नव्हे, तिसरे ठरते. स्कॉटलंडमधल्याच डंडी येथे तर पेशींच्या पटलांवरच खूण असलेल्या भ्रूणात, आद्यरेषा (भ्रूणाचा अक्ष ठरवणारी पहिली रेघ) बनताना लाखभर पेशी कशा सरकतात हे सूक्ष्मदर्शकाखाली टिपले गेले.

नवा वाण उभा करायला मात्र वेळ लागतो, कारण पिलू अंड्यावर यायलाच पाचसहा महिने जातात. दोनचार दिवसांच्या प्रयोगापुरते जनुक विजेच्या झटक्याने पेशीत सरकवणे अजूनही सोयीचे पडते.