त्वचेखाली अडकलेली हवा जाते कुठे?

पुण्यात दुचाकीवरून घसरून बरगडीला मार बसणं नवीन नाही. घरचे घाबरतात ते दुसऱ्या दिवशी. छातीवरून सूज मानेवर चढते, कधी पापण्यांपर्यंत पोचून डोळे मिटवते. मग कुणी म्हणतं गोळीची ॲलर्जी आली, कुणी म्हणतं वात सरकला. माझ्या मावसभावाच्या बाबतीत ही दोन्ही निदानं करून झाली होती आणि मालिशसाठी तेलही कोमट झालं होतं. मी त्याच्या मानेवर हलकेच बोटं टेकवली. भडंगाच्या भरल्या पिशवीवर हात ठेवावा तसं कातडीखाली काहीतरी चुरचुरलं. ॲलर्जीच्या सुजेत बोटांना हे जाणवत नाही. ती हवा होती.

डॉक्टर याला सबक्युटेनियस एम्फिसीमा म्हणतात. मोडलेल्या बरगडीचं टोक फुफ्फुसाला लागलं की हवा छातीच्या पोकळीत आणि तिथून स्नायूंमधून कातडीखाली येते. दम्याच्या जोरदार झटक्यात किंवा व्हेंटिलेटरवर फुफ्फुसातला एखादा सूक्ष्म वायुकोश फुटतो. ती हवा रक्तवाहिन्यांच्या वेष्टणाला धरून छातीच्या मध्यभागी आणि मग मानेत चढते. हा मार्ग शास्त्रज्ञ मॅकलिन यांनी 1939 मध्ये प्रयोगांतून दाखवला. दाताच्या ड्रिलमधून सुटणारी दाबाखालची हवाही हिरडीच्या फटीतून गालात शिरू शकते.

मग ही हवा जाते कुठे? ती रक्तात शोषली जाते. का शोषली जाते, हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

अडकलेल्या हवेवर जवळपास बाहेरच्या वातावरणाइतकाच दाब असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच, त्यामुळे इथे तो 760 नव्हे, साधारण 710 मिलिमीटर पारा. आता त्या हवेला लागून वाहणारं रक्त पाहा. धमनीतून येताना त्यात ऑक्सिजनचा दाब 90 च्या आसपास असतो. पेशी आपला वाटा घेतात आणि शिरेत पोचेपर्यंत 40 उरतो. बदल्यात पेशी जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडतात, पण त्याचा दाब 40 वरून फक्त 46 वर जातो. हा वायू रक्तात सहज विरघळतो आणि त्यातला बराचसा बायकार्बोनेट होऊन जातो. म्हणजे 50 गेले आणि 6 आले! नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होती तेवढीच राहते. बेरीज केली तर शिरेतल्या रक्तातल्या सगळ्या वायूंचा दाब 665 च्या आसपास भरतो. ही 45 ची तूट अडकलेल्या हवेला सतत रक्तात ओढत राहते. आधी ऑक्सिजन निघून जातो, मग उरलेल्या हवेत नायट्रोजनचं प्रमाण रक्तापेक्षा चढतं आणि तोही हळूहळू निघतो. तो रक्तात फारच कमी विरघळतो, म्हणून सूज उतरायला काही दिवस, कधी आठवडाही लागतो.

ऑक्सिजनचा मास्क लावण्यामागे हेच गणित आहे. रुग्ण शुद्ध ऑक्सिजन घेऊ लागला की रक्तातला नायट्रोजन श्वासावाटे बाहेर पडतो. शिरेतल्या ऑक्सिजनचा दाब मात्र थोडाच वाढतो, कारण पेशी तो वापरतच असतात. बेरीज 150 पर्यंत घसरते, तूट साडेपाचशेच्या वर जाते. प्रत्यक्षात वेग बारा पट होत नाही, मास्कच्या कडेने साधी हवा शिरतेच, पण फरक ठळक पडतो. बाजारात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे कॅन यासाठी निरुपयोगी. ते काही मिनिटांत संपतात आणि नायट्रोजन धुऊन निघायला तास लागतात. शिवाय फुफ्फुसाचा जुना विकार असणाऱ्यांना जास्त ऑक्सिजन अपायकारक ठरू शकतो. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

पण हे सगळं गळती थांबली असेल तर. आतून हवा येतच असेल तर छातीत नळी घालावी लागते. सूज फारच वाढली तर गळपट्टीच्या हाडाखाली छोटे छेद देऊन हवेला वाट करून देतात. हे काम घरी सुई टोचून करायचं नाही. आणि तुटलेल्या बरगडीवर मालिश करणाऱ्याला तर घराच्या उंबऱ्यातच अडवा. तिथे वात वगैरे काही सरकलेला नसतो, हाड मोडलेलं असतं.

आवाज बदलला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर थेट आपत्कालीन विभागात जा. जखमेभोवती चुरचुर, असह्य वेदना आणि काळपट पडणारी कातडी एकत्र दिसली तर ती हवा बाहेरून आलेली नसू शकते. गॅस गँगरीनचे जंतू आतच वायू तयार करतात. तिथे वाट पाहण्यात जीव जातो, तातडीने शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविकं लागतात.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर किंवा छातीवर अशी चुरचुर जाणवली तर बहुधा घाबरायचं कारण नसतं, फक्त नर्सला सांगून ठेवा. त्या शस्त्रक्रियेत पोट फुगवायला साधी हवा वापरत नाहीत, कार्बन डायऑक्साइड वापरतात. तो रक्तात ऑक्सिजनच्या साधारण वीस पट विरघळतो, त्यामुळे अशी सूज बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते.