गॉगलच्या काचेला श्रेणी कशी मिळाली

काच जितकी काळी तितके डोळे सुरक्षित, हा समज अजून टिकून आहे. गॉगलच्या मानकांचा इतिहास म्हणजे बव्हंशी हाच समज खोडून काढण्याची खटपट.

जांभळ्या रंगापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे अतिनील (यूव्ही) किरण भौतिकशास्त्रज्ञ योहान विल्हेल्म रिटरने १८०१ मध्ये सिल्व्हर क्लोराइडच्या साहाय्याने शोधले. त्यांच्यापासून डोळे वाचवणारी काच घडवण्याचा पद्धतशीर प्रयत्न मात्र शंभरेक वर्षांनी झाला, आणि तोही उन्हासाठी नव्हे. काचभट्टीवरच्या कामगारांना मोतीबिंदू होत असे. त्यावर उपाय शोधताना रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी तीनशेहून अधिक प्रकारच्या काचा तपासल्या. त्यांना भट्टीची उष्णता अडवायची होती, पण सिरियम मिसळलेली काच फारशी गडद न होता अतिनील किरण शोषते, हेही त्यांनी १९१३ मध्ये मांडले. रंग आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच दिसून आले होते. बाजाराने ते ऐकले नाही. पुढच्या दशकांत गॉगल खपला तो फॅशन म्हणून आणि डोळे दिपू नयेत म्हणून.

गडद काचेमागे बाहुली विस्फारते. काच अतिनील किरण अडवत नसेल, तर विस्फारलेल्या बाहुलीतून ते जास्तच आत जातात. म्हणून मानकांना दोन मोजमापे वेगळी ठेवावी लागली. गॉगलसाठी पहिले राष्ट्रीय मानक ऑस्ट्रेलियाने १९७१ मध्ये आणले. आज रूढ असलेल्या ० ते ४ या श्रेणी फक्त दृश्य प्रकाशाच्या आहेत: श्रेणी २ मधून १८ ते ४३ टक्के प्रकाश आत येतो, ३ मधून ८ ते १८, तर ४ मधून जेमतेम ३ ते ८ टक्के (ती घालून गाडी चालवू नये). अतिनील किरणांच्या मर्यादा स्वतंत्रपणे ठरवलेल्या असतात. ‘मला श्रेणी ४ चा द्या, डोळे नाजूक आहेत’ असे म्हणणारा गिऱ्हाईक म्हणूनच चुकीचा आकडा मागत असतो.

अतिनीलची हद्द कुठे संपते यावरही एकमत नाही. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने, आयएसओ १२३१२-१ ने, ती ३८० नॅनोमीटर तरंगलांबीवर थांबवली. ऑस्ट्रेलिया ४०० पर्यंत नेते. ‘यूव्ही ४००’ हे लेबल याच दुसऱ्या आकड्यावरून आले. फरक वीस नॅनोमीटरचा असला, तरी सूर्यप्रकाशातले अतिनील किरण या टोकाला सर्वाधिक असतात.

या सगळ्या चाचण्यांत मोजले जाते ते समोरून काचेतून आरपार येणारे किरण. पण मागून आलेले किरण काचेच्या आतल्या बाजूवर आपटून डोळ्यात परततात, आणि चकाकी घालवणारे काही लेप तर अतिनील किरण उलट जास्त परावर्तित करतात. हा हिशेब धरणारा ‘ई-एसपीएफ’ निर्देशांक एसिलॉर कंपनीने २०१२ मध्ये आणला. आकडा कंपनीचा असला तरी मुद्दा रास्त आहे.

मात्र तोही काचेपुरताच. फ्रेम आणि गाल यांच्यामधल्या फटीतून, कानशिलाकडून शिरणारे किरण त्यात धरलेले नाहीत. कडेने आलेला प्रकाश बुबुळाच्या पारदर्शक पटलातून वळून नाकाकडच्या कडेवर एकवटतो, असे नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी दाखवले आहे. टेरिजियम ही डोळ्यावरची मांसल वाढ बहुधा त्याच बाजूला होते. चेहरा प्रत्येकाचा निराळा, त्यामुळे ही फट कोणत्याच लेबलवर छापता येत नाही. ती आरशासमोर गॉगल घालूनच तपासावी लागते.