कमवा आणि शिका योजना

महाविद्यालयात शिकत असताना रोज काही तास काम करून त्या मोबदल्यात शिक्षणाचा आणि राहण्या-जेवणाचा खर्च भागवण्याची पद्धत. ‘कमवा व शिका’ असेही म्हणतात. महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांत ही योजना चालते. तिचे मूळ मात्र साताऱ्यात, कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांच्या वसतिगृहात आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाने तर योजनेला त्यांचेच नाव दिले आहे.

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला हलले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. या मुलांनी एका पंगतीत जेवणे हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. पण पंगतीमागचे काम त्याहून खोलवर गेले. पाणी भरणे, दळण, स्वयंपाक, सरपण, शेत हे सारे मुलांनीच करायचे, त्यामुळे कोणते काम कोणत्या जातीचे हा प्रश्नच मागे पडला. पैशाची ओढाताण कायमची होती. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडायला काढले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य या दिवसांतून आलेले आहे, म्हणूनच ते पोकळ वाटत नाही.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले आणि वसतिगृहातला हा रिवाज उच्च शिक्षणात आला. शेती, बांधकाम, खडी फोडणे अशी अंगमेहनतीची कामे करून मुले पदवीपर्यंत पोचली. १९५४ मध्ये कराडला सद्‌गुरू गाडगे महाराज महाविद्यालय सुरू झाले. घरात पहिल्यांदाच कुणी मॅट्रिकच्या पुढे जात होते, अशा कुटुंबांना या दोन महाविद्यालयांनी दार उघडून दिले. माण-खटावसारख्या दुष्काळी भागातल्या मुलाला शिक्षण कुणाचे उपकार म्हणून घ्यावे लागले नाही, हे या योजनेचे सर्वांत मोठे देणे.

आज खडी आणि माळरान मागे पडले आहे. विद्यार्थ्यांना ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, बाग, संगणक कक्ष येथे काम मिळते. मुलींचा सहभागही मोठा आहे. प्रवेश आटोपले की अर्ज मागवतात. उत्पन्नाचा दाखला आणि घरची परिस्थिती पाहून निवड होते, कामाचे तास वर्गांच्या वेळा सांभाळून ठरतात. हजेरीवहीत तास भरले जातात आणि त्यानुसार मानधन बँक खात्यात जमा होते.

यांतले ग्रंथालयाचे काम शिकण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. नव्या मुलाला आधी परत आलेली पुस्तके जागेवर लावायला देतात. पुस्तकाच्या पाठकण्यावर चिकटवलेला क्रमांक वाचून ते नेमक्या कप्प्यात ठेवायचे: ९५४ म्हणजे भारताचा इतिहास, ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. चुकीच्या कप्प्यात गेलेले पुस्तक हरवल्यातच जमा, हे पहिल्या आठवड्यातच कळते. मग दाखल नोंदवही, शिक्के, फाटक्या पानांची डकवणी, वर्तमानपत्रांची फाइल. सहा महिन्यांत हा मुलगा आपल्या विषयाचे कपाट डोळे मिटून सांगू लागतो. वर्गातल्या हुशार मुलालाही जे संदर्भग्रंथ ठाऊक नसतात, ते याच्या हाताखालून गेलेले असतात. योजनेत कामाची निवड करताना महाविद्यालयांनी हे ध्यानात घ्यायला हवे. नुसते झाडलोटीचे तास भरून घेतले तर ‘कमवा’ उरते आणि ‘शिका’ गळून पडते.

शासनाच्या मदतीपेक्षा ही योजना वेगळी आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शुल्काचा भार हलका होतो, डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून काही अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे. पण ती रक्कम येईपर्यंत रोजचे भागवायचे कसे? साताऱ्यात खोली घेऊन राहणाऱ्या कित्येक मुलांचा डबा गावाहून सकाळच्या एसटीने येतो. डब्याला बांधलेल्या फडक्यावर किंवा झाकणावर नाव लिहिलेले असते, मुलगा स्थानकावर जाऊन तो उतरवून घेतो आणि कालचा रिकामा डबा त्याच गाडीने परत पाठवतो. जेवण असे घरचे असले तरी खोलीभाडे, झेरॉक्स, एसटीचा पास, परीक्षेचा अर्ज यांना रोख पैसा लागतो. कामाचे मानधन नेमके तिथे उपयोगी पडते.

उणिवाही आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. मानधनाचे दर महागाईच्या मागे राहतात, जागा अर्जांपेक्षा कमी असतात. विज्ञान शाखेच्या मुलांची दुपार प्रात्यक्षिकांत जाते, त्यांना तास जुळवणे अवघड पडते. सत्र परीक्षा सुरू झाल्यावर काम लावू नये, एवढी काळजी तरी सर्वत्र घेतली गेली पाहिजे.

योजनेला जोडून महाविद्यालयात इतर आधारही असतात. पुस्तकपेढीतून सत्रभरासाठी क्रमिक पुस्तकांचा संच मिळतो. मागे पडलेल्यांसाठी उपचारात्मक वर्ग घेतात. एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ई-साहित्य सेवेचे सदस्यत्व असलेल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला घरबसल्या ई-पुस्तके आणि नियतकालिके वाचता येतात, फक्त ग्रंथपालांकडून खाते उघडून घ्यावे लागते. हे साहित्य बहुतेक इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेला मुलगा सुरुवातीला बिचकतो. त्याच्यासाठी याच जिल्ह्यातल्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली आकाराला आलेला मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर विनामूल्य खुला आहे. संज्ञा आधी मराठीत समजून घेऊन मग इंग्रजी प्रकरण वाचले की तेच प्रकरण निम्म्या वेळात उलगडते.