तुमच्या हिशेबाची तिसरी प्रत बर्फाच्या गावी का ठेवतो

राम राम.

हिशेबाची नक्कल आमच्याकडे ठेवायला देणारे बरेच ग्राहक पहिल्याच भेटीत एक प्रश्न विचारतात. जळगावच्या दाणाबाजारातल्या एका आडत्यांनी तो सगळ्यात थेट विचारला: "भाऊ, इतलं दूर कशाले?" त्याचं उत्तर सवडीनं द्यावं म्हणून हे पत्रक.

तुमच्या नोंदींच्या तीन प्रती असतात. पहिली तुमच्याच दुकानातल्या संगणकावर. दुसरी रोज रात्री पुण्याजवळच्या सर्व्हरवर जाते. ज्यांची कंपनी म्हणून नोंदणी आहे त्यांना हिशेबाच्या वह्यांची रोजची प्रत भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं कायद्यानं भागच आहे, ती हीच. तिसरी जाते जपानच्या उत्तरेला, होक्काइडो बेटावरच्या साप्पोरो शहराच्या परिसरात.

३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी ओसरल्यावर आम्ही तिथल्या एका किराणा दुकानात गेलो होतो. सीपीयूचं झाकण काढलं तर आत बोटभर गाळ, पंख्याच्या पात्यांत तुरीचे दाणे अडकलेले. मालक नक्कल काढायचे, रोज रात्री, न चुकता. पण पेन ड्राइव्ह ठेवायचे त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. आठ वर्षांची उधारीची खतावणी एका रात्रीत गेली. काही गिऱ्हाइकं आपण होऊन आठवून आठवून पैसे देऊन गेली, काही आलीच नाहीत. त्या दिवसापासून "नक्कल आहे ना?" एवढंच आम्ही विचारत नाही, ती कुठे आहे हे आधी विचारतो.

मग जळगावची प्रत भुसावळला किंवा धुळ्याला ठेवली तर? काही जण तसं करतात, आणि काहीच नसण्यापेक्षा ते बरं. पण तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडायची वेळ येते तेव्हा पाऊस एकट्या भुसावळवर पडलेला नसतो. पांझरा नदीनं १८७२ मध्ये धुळ्याची काय दशा केली ते जुन्या नोंदींत आहे. मार्च १९३८ मध्ये सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता, तो आता फार थोड्यांना ठाऊक आहे. तापीचं खोरं जमिनीखालच्या जुन्या भेगांवर वसलंय. शिवाय मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की वीज आणि एसी दोन्ही एकाच वेळी दम टाकतात, आणि ते सगळ्या खान्देशात एकदमच घडतं.

म्हणून तिसऱ्या प्रतीसाठी आम्ही अशी जागा शोधली, जिथलं संकट आपल्या संकटाशी जोडलेलं नाही आणि तिथल्या लोकांच्या हाताला त्याची सवय आहे. साप्पोरोची वस्ती जवळपास २० लाख. दर हिवाळ्यात तिथे एकूण सुमारे पाच मीटर बर्फ पडतं. इतकं बर्फ पडूनही शहर चालू राहतं, कारण ते दरवर्षी येणार हे धरूनच सगळं बांधलंय. साधारण १० सेंटीमीटर बर्फ साचलं की रात्रीच यंत्रं निघतात आणि लोक कामाला निघायच्या आत मुख्य रस्ते मोकळे होतात. १९७२ च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या आदल्या वर्षी सुरू झालेली मेट्रो रबरी चाकांवर धावते, आणि जिथे ती जमिनीवर येते तिथे मार्गावर लांबच लांब छप्पर घातलंय. आपल्याकडे मृगाच्या आधी कौलं शाकारून घेणारी माणसं होती, तशी ही तयारी.

थंडीचा थेट फायदाही आहे. सर्व्हर सतत तापतात, आणि ते गार ठेवण्यात बरीच वीज जाते. साप्पोरोला लागून असलेल्या इशिकारीत २०११ मध्ये एक मोठं डेटा सेंटर सुरू झालं, ते बाहेरचीच गार हवा आत घेतं. साप्पोरोजवळच्या न्यू चितोसे विमानतळावर तर हिवाळ्यातलं बर्फ झाकून साठवतात आणि उन्हाळ्यात त्याच्यावर इमारत गार करतात.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवून तुमचा विश्वास आम्हाला नको. ६ सप्टेंबर २०१८ ला पहाटे होक्काइडोत ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. मोठं वीजकेंद्र बंद पडलं आणि पाठोपाठ अख्ख्या बेटाची, सुमारे २९.५ लाख घरांची, वीज गेली. इशिकारीचं ते केंद्र मात्र सुमारे ६० तास स्वतःच्या जनरेटरवर चालत राहिलं. आम्हाला पटलं ते हे. भूकंप कोणी थांबवू शकत नाही, पण डिझेलची टाकी भरून ठेवणं माणसाच्या हातात असतं.

त्याच भूकंपात साप्पोरोच्या कियोता भागात घरं कलंडली, रस्ते खचले. तिथे पूर्वी ओढ्याची घळ होती, ती भराव टाकून सपाट केलेली. शेजारच्या मूळच्या पक्क्या जमिनीवरच्या वस्तीला तसा फटका बसला नाही. शहर एकच, पण प्लॉट वेगळा. तुम्ही नवं गोदाम घेत असाल, मग ते एमआयडीसीत असो की बायपासला, तर दलालाआधी शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा की इथे आधी नाला होता का. आम्ही आमच्या ऑफिसची जागा अशीच विचारून बदलली, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

रोजच्या कामाला साप्पोरोची प्रत वापरायची नाही, ती फार लांब आहे. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजले की प्रत निघते, तेव्हा तिथे अडीच वाजलेले असतात. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात, म्हणून त्याच्या आत आम्ही काहीही पुसत नाही. दर तीन महिन्यांनी तिसऱ्या प्रतीवरून तुमची एक खतावणी तुमच्यासमोर उघडून दाखवतो. न उघडून पाहिलेल्या नक्कलेवर आमचा भरवसा नाही, तुम्हीही ठेवू नका.

प्रती कुलूपबंद असतात. त्यांचा परवलीचा शब्द फक्त तुमच्याकडे असतो, आमच्याकडेही नाही. तो हरवला तर आम्हाला काहीही करता येणार नाही. दोन कागदांवर लिहा. एक बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरा गावाबाहेर राहणाऱ्या भावाकडे किंवा लेकीकडे. दुकानातल्या ड्रॉवरमध्ये नको.