सिंथेटिक इंजिन तेलांच्या दाव्यांची पारख

बाजारातल्या प्रतिस्पर्धी सिंथेटिक इंजिन तेलांविषयी ‘झीज चौपट कमी’, ‘इंजिनाचे आयुष्य दुप्पट’ असे दावे सर्रास केले जातात. दावा कोणत्या चाचणीतून आला, तुलना कोणत्या तेलाशी होती आणि मोजले नेमके काय, हे पाहून त्याचे वजन ठरवणे म्हणजे ही पारख. वंगण उद्योगातल्या प्रमाणित चाचण्या बहुतांशी पास-नापास ठरवण्यासाठी आखलेल्या असतात, पहिला-दुसरा नंबर काढण्यासाठी नव्हे. जाहिराती मात्र त्यांतूनच नंबर काढतात आणि घोळ तिथे सुरू होतो.

‘सिंथेटिक’ या विशेषणावर फार भिस्त ठेवता येत नाही. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट (एपीआय) मूळ तेलांचे पाच गट पाडते. तिसऱ्या गटातले तेल खनिज तेलावर उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून मिळते. चौथ्या गटातले पॉलिअल्फाओलेफिन (पीएओ) लहान रेणू जोडून बनवतात. एस्टर वगैरे उरलेले पाचव्या गटात जातात. कॅस्ट्रॉलने १९९०च्या दशकात आपल्या ‘सिंटेक’मध्ये तिसऱ्या गटाचे तेल वापरायला सुरुवात केली, तेव्हा मोबिलने त्याला सिंथेटिक म्हणण्यावर हरकत घेतली. अमेरिकी जाहिरात उद्योगाच्या स्वनियमन संस्थेने, नॅशनल अ‍ॅडव्हर्टायझिंग डिव्हिजनने, १९९९मध्ये कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. जर्मनीत अशा तेलावर ‘एचसी-सिंथेसे’ असे वेगळे लिहितात. इतरत्र बहुधा ‘फुल्ली सिंथेटिक’ म्हणूनच ते विकले जाते. शिवाय डब्यातले तेल म्हणजे नुसते मूळ तेल नाही. झीजरोधक, मळ धुणारी आणि ऑक्सिडीकरण रोखणारी पूरके चांगली असतील, तर तिसऱ्या गटाचे तेल पीएओच्या बरोबरीने काम करू शकते.

जाहिरातयुद्धाचे गाजलेले उदाहरण २००८ च्या अखेरीपासूनचे. व्हॅल्व्होलिनने आपले तेल मोबिल १ पेक्षा झिजेपासून चौपट संरक्षण देते असे जाहीर केले. पुढे कॅस्ट्रॉल एजने आठपटीचा दावा केला. दोन्हींचा आधार ‘सीक्वेन्स फोर-ए’ ही इंजिन चाचणी. तीत निसानचे २.४ लिटरचे केए२४ई इंजिन १०० तास चालवत: दर तासाला ५० मिनिटे मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या वेगाने आणि १० मिनिटे १,५०० फेऱ्यांच्या. तेल मुद्दाम कोमटच, ५०-६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवत. रांगेत इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या टॅक्सीची ही अवस्था. नंतर इंजिन उघडून कॅमशाफ्टच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) १२ उंचवट्यांवर प्रत्येकी ७ ठिकाणी झीज मोजायची आणि बेरजांची सरासरी काढायची. एपीआयच्या ‘एसएम’ आणि ‘एसएन’ या दर्जाश्रेणींच्या काळात तिची कमाल मर्यादा ९० मायक्रोमीटर होती.

आता एका तेलाची झीज १० आणि दुसऱ्याची ८० भरली असे धरू. ‘आठपट’ हे शब्दशः खरे, आणि तरीही दोन्ही तेले पास. त्यातून इंजिन आठपट टिकेल असे मुळीच निघत नाही, कारण मोजली ती एका जुन्या इंजिनाच्या एका भागाची, एकाच परिस्थितीतली झीज. पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, टायमिंग चेन यांबद्दल ही चाचणी गप्प आहे. त्या निसान इंजिनात कॅमवर घसरता भाग घासतो. अनेक नव्या इंजिनांत तिथे रोलर असतो. पेट्रोल इंजिनांच्या तेलासाठीच्या २०२० च्या ‘जीएफ-६’ मानकात या चाचणीची जागा टोयोटाच्या १.५ लिटर इंजिनावरच्या चाचणीने घेतली.

टेबलावरच्या चाचण्या याहून निसरड्या. ‘फोर-बॉल’ चाचणीत तीन स्थिर पोलादी गोळ्यांवर चौथी फिरवतात आणि पडलेल्या चट्ट्याचा व्यास मोजतात. प्रयोगशाळेत पूरकांची प्राथमिक चाळणी लावायला ती ठीक. पण इंजिनातली काजळी, पाणी, तेलात उतरलेले पेट्रोल यांतले तिथे काहीच नसते. तरफेने भार देऊन फिरत्या कड्यावर बेअरिंग दाबण्याचा खेळ तर प्रदर्शनांचा आवडता. क्लोरिनयुक्त पूरके त्यात चमकतात, मात्र इंजिनाच्या उष्णतेत आणि ओलाव्यात त्यांच्यापासून आम्ल तयार होऊन धातू गंजू शकतो. ‘स्लिक ५०’ या पूरकाच्या झीज घटवण्याच्या दाव्यांना पुरेसा आधार नसल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६मध्ये ठेवला. १९९७मध्ये तडजोड झाली.

इंधनबचतीच्या आकड्याला ‘कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न लावला की हवा बरीचशी निघते. त्याआधीच्या ‘जीएफ-५’ मानकात ५डब्ल्यू-३० (ही दाटपणाची श्रेणी) तेलाने संदर्भ तेलाच्या तुलनेत दाखवायची किमान सुधारणा, चाचणीच्या दोन टप्प्यांची बेरीज धरून, १.९ टक्के होती. गॅरेजमध्ये कुणी दहा टक्के सांगत असेल तर हसून सोडून द्यावे. उत्पादनाच्या माहितीपत्रकातले आकडे जास्त उपयोगी. नोआक चाचणीत २५० अंशांवर तासाभरात किती टक्के तेल उडते ते कळते (जीएफ-५ ची मर्यादा १५). १३ आणि ८ यांतला फरक खरा, पण ९.८ आणि ९.६ यांतला फरक दोन प्रयोगशाळांच्या तफावतीतच विरतो.

मोटारसायकलवाल्यांनी ‘सर्वांत कमी घर्षण’ वाचून भुलू नये. बहुतेक मोटारसायकलींत इंजिनाच्याच तेलात क्लच बुडालेला असतो. तेल फार निसरडे असेल तर तो घसरतो. म्हणून जपानी वाहन-मानक संस्थेचा ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हा शिक्का पाहतात. सुक्या क्लचच्या स्कूटरला ‘जासो एमबी’ चालते.

डब्यावरची शब्दयोजनाही बारकाईने वाचावी लागते. ‘एमबी २२९.५ मान्यताप्राप्त’ म्हणजे मर्सिडीज-बेंझने (इथले ‘एमबी’ तिच्या नावाचे) ते तेल तपासून आपल्या यादीत घेतले आहे. ‘एमबी २२९.५ च्या गरजा पूर्ण करते’ हे उत्पादकाचे स्वतःचे म्हणणे.

वापरलेल्या तेलाचा प्रयोगशाळा अहवाल हा शेवटचा मोठा पुरावा मानला जातो, आणि त्याचाच सर्वाधिक गैरवापर होतो. ५,००० किमीनंतर एका तेलात झिजेतून आलेले लोह १२ पीपीएम (दहा लाख भागांत १२) आणि दुसऱ्या तेलात १०,००० किमीनंतर १८, तर दर किलोमीटरमागे दुसरेच सरस. मध्ये वरून तेल ओतले असेल तर तोही हिशेब बिघडतो. सिलिकॉन वाढले तर ते एअर फिल्टरमधून आलेल्या धुळीचे असेल किंवा नव्याने लावलेल्या सीलंटचे. नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटरला साधारण ५ ते १० मायक्रोमीटरहून मोठे कण नीट दिसत नाहीत, त्यामुळे बेअरिंगचे तुकडे पडत असतानाही अहवाल निर्धास्त करणारा येऊ शकतो.