तांब्याचा थर जाड केला की चुंबक दिशा बदलतो

सांगलीच्या बाजारात चुंबकाची कडी अजून खपतात. ‘रक्तातलं लोखंड खेचून रक्ताभिसरण सुधारतं,’ असं विकणारा सांगतो. हे साफ खोटं आहे. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं चुंबकाला चिकटत नाही. एमआरआयच्या 1.5 टेस्लाच्या यंत्रातही रोग्याचं रक्त एका बाजूला गोळा होत नाही. चुंबकाची खरी करामत बघायची असेल, तर जुनी हार्डडिस्क उघडा. चकचकीत तबकडीवर एक निमुळता दांडा असतो आणि त्याच्या टोकाला मिलिमीटरभराचा काळपट तुकडा. तबकडीवरची माहिती वाचतो तो हा तुकडा.

त्यामागचं तत्त्व 1988 मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रुनबर्ग यांना स्वतंत्रपणे सापडलं. लोखंड आणि क्रोमियमचे पातळ थर एकाआड एक रचले होते. शेजारच्या लोखंडी थरांचं चुंबकत्व परस्परविरुद्ध असलं, की इलेक्ट्रॉन अडखळतात आणि विद्युतरोध वाढतो. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून सगळे थर एका दिशेला वळवले, की एका स्पिनचे, म्हणजे ज्यांचं स्वतःचं इवलं चुंबकत्व एका ठरावीक दिशेला असतं असे, इलेक्ट्रॉन सुळकन निघून जातात. फेर यांच्या अतिथंड नमुन्यात रोध जवळजवळ निम्म्यावर आला. दोघांना 2007 चं नोबेल मिळालं.

पण मुळात हे थर एकमेकांच्या विरुद्ध दिशेला वळतात कशामुळे? मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. ते ठरतं मधल्या, स्वतः चुंबक नसलेल्या थराच्या जाडीवर. भौतिकशास्त्रज्ञ स्टुअर्ट पार्किन यांनी 1990-91 मध्ये ही जाडी थोडी थोडी वाढवत नेली. कोबाल्टच्या थरांमध्ये 0.9 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तांबं, म्हणजे अणूंचे जेमतेम चार-पाच पदर, असेल तर थर परस्परविरुद्ध. आणखी दोन-तीन पदर चढवले की एकाच दिशेला. 2 नॅनोमीटरच्या आसपास पुन्हा विरुद्ध. साधारण दर नॅनोमीटरला हा खेळ पुन्हा होतो आणि जाडीबरोबर क्षीण होत जातो.

कारण इलेक्ट्रॉन लहरीसारखा वागतो. मिरजेच्या तंबोऱ्याची तार दोन्ही टोकांना बांधलेली असते, म्हणून तिच्या लांबीत बसतील तेवढेच स्वर निघतात. तांब्यातल्या लहरी दोन चुंबकी थरांवर आपटून परततात आणि जाडीत नेमक्या बसल्या तरच टिकतात. दोन्ही बाजूंच्या चुंबकत्वाची दिशा बदलली, की हे परतणंही बदलतं. ज्या मांडणीत एकूण ऊर्जा कमी, ती मांडणी टिकते.

आता जरा अवघड गोष्ट. तांब्यातल्या या इलेक्ट्रॉनची अर्धी तरंगलांबी पाव नॅनोमीटरच्या आसपास असते. मग आवर्तन एका नॅनोमीटरचं का? कारण जाडी हवी तेवढी वाढवता येत नाही, ती एकेका अणूच्या पदरानं, सुमारे 0.2 नॅनोमीटरनंच वाढते. दोन जवळजवळ सारख्या मापांच्या फरकातून हे लांब आवर्तन तयार होतं. त्यामुळेच पृष्ठभाग एखाद-दोन पदरांनी खडबडीत झाला, तर चढउतार पुसट होतात.

आजच्या हार्डडिस्कमध्ये मधल्या तांब्याची जागा वीज वाहू न देणाऱ्या मॅग्नेशियम ऑक्साइडनं घेतली आहे, तीही नॅनोमीटरभर जाडीची. त्यातून इलेक्ट्रॉन पलीकडे झिरपतात. तिथे एकेक पदर वाढवला, की रोध कित्येक पटींनी चढत जातो.